वीस लिटरची खूण

अकोल्याच्या त्या कॉलेजात धर्मपालनं एकतीस वर्षं नोकरी केली, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभं राहून "आज पाणी नाही" हे शब्द त्यानं कधी तोंडातून काढले नाहीत. लाइट जावो, मोटार जळो, बोअर आटो. सकाळी दहाच्या ठोक्याला डिस्टिल्ड पाण्याचा पांढरा कॅन खिडकीखालच्या ओट्यावर भरलेला दिसायचाच. कॅनवर निळ्या शाईनं वीस लिटरची खूण केलेली होती. पाणी त्या खुणेला टेकलं नाही तर धर्मपालला डबा गोड लागत नसे.

कारण त्याच्या गावात होतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात त्याचं गाव. जितकं खोल खणावं तितकं पाणी खारट. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती, आणि ती होती वरच्या आळीत. धर्मपालच्या आईला तिथं रहाट ओढायची सोय नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. पाच-सहा वर्षांचा धर्मपाल आईच्या लुगड्याला धरून उभा असायचा. कधी तास जायचा, कधी दोन. आणि मग कोणीतरी जाता जाता म्हणायचं, "आज पानी नाई." विहिरीत पाणी दिसत असायचं. पुढं नळयोजना आली, नळालाही खारंच पाणी आलं, विहीर बुजली, ती माणसंही गेली. हे तीन शब्द मात्र त्याच्या कानात बसले ते बसलेच. आपल्या हाताखाली पाणी आल्यावर आपण ते कोणाला म्हणायचे नाहीत, असं त्यानं नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं.

वर्षाली त्या प्रयोगशाळेत आली तेव्हा धर्मपालच्या नोकरीची साडेपाच-सहा वर्षं उरली होती. बार्शीटाकळीला भाजीचा मळा करणाऱ्या भगवंतरावांची ही पोरगी. अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ. एमएस्सी होऊन पीएचडीला लागलेली. पहिल्याच दिवशी तिनं धर्मपालनं धुतलेली बीकर उजेडाकडे धरून फिरवून पाहिली.

"काय पाहून राहिली बेटा? माह्या हातची काच हाय ते."

"पाहू द्या ना काका. माह्या कामाले लय सोवळं लागते."

"सोवळं आमाले नोको शिकवू वो," धर्मपाल हसून म्हणाला, "आमी लय पाह्यलं ते."

ती ओशाळली आणि मग खळखळून हसली. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

तिचं काम धर्मपालला हळूहळू समजलं. मोठमोठ्या शब्दांना तो भीत नसे. अक्षर तो तिशीनंतर शिकला होता, आणि तेही याच प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. वर्षाली इंधनसेलवर काम करत होती. एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं हवा, आणि मधून वीज घ्यायची. धूर नाही, राख नाही, शेवटी उरतं ते फक्त पाणी. पण हवेतला प्राणवायू सहजासहजी पाणी व्हायला तयार होत नाही. ते घडवून आणायला इलेक्ट्रोडच्या अंगावर प्लॅटिनम लावावं लागतं, आणि प्लॅटिनम सोन्याच्या पंगतीतलं. वर्षालीनं शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, बंद भट्टीत जाळून तिचा कोळसा केला होता. त्या कोळशावर नावापुरतं प्लॅटिनम बसवलं, तर तेवढंही पुष्कळ काम करतं का, हे तिला पाहायचं होतं.

रोजचं काम असं. इलेक्ट्रोड म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती. ती धर्मपाल ओल्या पांढऱ्या भुकटीवर आठचा आकडा काढत घासायचा, तिच्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत. वर्षाली तिच्यावर कोळशाच्या शाईचा एक थेंब ठेवून वाळवायची. मग ती चकती पातळ ॲसिडमध्ये बुडवून गरगर फिरवायची, आणि संगणकाच्या पडद्यावर एक रेघ उतरत जायची. रेघ लवकर वळली तर काम चांगलं, उशिरा वळली तर वाईट. ते पातळ ॲसिड करायला पाणी लागे. भांडी धुवायला लागे. सगळं पाणी त्या पांढऱ्या कॅनमधलं.

पहिली साडेतीन वर्षं माल तयार करण्यात गेली. मग रेघा काढायला सुरुवात झाली आणि तिथं गाडं अडलं. एका दिवशी रेघ अशी सुरेख वळायची की वर्षाली टाळ्या पिटायची. दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतली शाई, तीच चकती, आणि रेघ मेलेली. तीन दिवस चांगले, दोन वाईट, एक चांगला, चार वाईट. तिनं शाई बदलली, ॲसिडची बाटली बदलली, प्राणवायूचं सिलिंडर बदललं, पंखा बंद ठेवून काम केलं. दोन वर्षं अशीच गेली. फेलोशिप संपली. ती सकाळी एका शिकवणीवर्गात शिकवायची आणि अकराला प्रयोगशाळेत यायची. डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"काही समजूनच नाही राहिलं काका," ती म्हणायची. "मनोज सर म्हणते का माह्या हातातच खोट आहे."

मनोज इंगोले सर तिचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुखही. माणूस वाईट नव्हता, पण कडक. त्यांनी तिला बजावलं होतं, की जूनमध्ये अमरावतीला समिती बसेल. मुदतीचं हे शेवटचं वर्ष. एकसारखे आकडे दाखवता आले तर प्रबंध लिहायला घ्यायचा, नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षांवर पाणी. त्यांनी एकदा विचारलंही होतं, "पाणी तपासलं का?"

"गेल्या साली तपासलं होतं सर, एकदम साफ निघालं," ती म्हणाली होती. "आणि पाणी काका करते. त्याच्यावर शंका घ्यायचं कामच नाही."

धर्मपाल तेव्हा दाराशीच उभा होता. त्याची छाती फुगली होती.

मार्च संपत आला होता. एका दुपारी त्या महिन्यातलं तेरावं की चौदावं वाईट मोजमाप झाल्यावर वर्षालीनं डोकं टेबलावर ठेवलं. धर्मपालनं चहा आणला. तिला बोलतं करावं म्हणून त्यानं विचारलं, "पन बेटा, हे प्लॅटिनम बिघडते म्हंजे होते तरी काय?"

तिनं डोकं उचललं. "एसटीतल्या सीटा समजा काका. प्लॅटिनमवर जागा मोजक्या. प्राणवायूनं यावं, बसावं, पाणी होऊन उतरून जावं. सीट मोकळी झाली का दुसरा बसते. पण काही असे राहते ना, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे? स्वतः बसत नाही, दुसऱ्याले बसू देत नाही. तसं राहते क्लोराइड. मिठातलं. कॅनभर पाण्यात मिठाचा एक खडा जरी पडला ना, तरी अर्ध्या सीटा गेल्या समजा."

"खडाभर?"

"हो ना. खडाभर."

धर्मपालनं कप उचलले. दाराशी थांबून त्यानं खिडकीखालच्या पांढऱ्या कॅनकडे पाहिलं.

झालं होतं ते असं. डिस्टिल्ड पाण्याची काचेची भट्टी तासाला अडीच लिटर द्यायची; दिवसभर उतरलेलं पाणी दुसऱ्या सकाळी रिकाम्या कॅनमध्ये जाई. लाइट गेली की भट्टी थंड. उन्हाळ्यात बोअर खाली गेला की नळ्या गार ठेवायला पाणी नाही, भट्टी पुन्हा बंद. अशा दिवशी कॅन खुणेच्या खाली राही, कधी लिटरभर, कधी दोन. प्रयोगशाळेच्या नळाला बोअरचं खारं पाणी. ते कॅनमध्ये टाकायचं पाप धर्मपालनं स्वप्नातही केलं नसतं. पण त्याच्याजवळ दुसरं पाणी असे. त्याच्या बायकोच्या, इंदूबाईच्या, मूत्रपिंडाला खाऱ्या पाण्यानं धरलं होतं. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, की गोड्या पाण्याशिवाय घोट घ्यायचा नाही. कॉलेजच्या टाकीत महापालिकेचं गोडं पाणी येई. प्राचार्यांच्या परवानगीनं धर्मपाल तिथून दहा लिटरचा एक कॅन रोज सकाळी भरून ठेवायचा आणि संध्याकाळी मोटारसायकलला बांधून गावी न्यायचा. डिस्टिल्डचा कॅन उणा दिसला की तो या कॅनमधलं पाणी त्यात ओतायचा. टाकीला तोटी होती, पण परवानगी होती ती दहा लिटरची. अकराव्या लिटराला हात लावायचा त्याचा स्वभाव नव्हता. आपल्या बायकोच्या वाट्याचं तो पोरीला देत होता.

त्यात काही चुकतं आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. भट्टी कशाला असते? खाऱ्या पाण्यातलं मीठ मागं ठेवून गोडं पाणी काढायला. मग जे मुळातच गोडं आहे, त्याला भट्टीतून कशाला काढायचं? खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याहून निर्मळ असं जगात दुसरं काय असणार?

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यानं कपाटातून सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली काढली. बीएस्सीच्या पोरांना तो तीस वर्षं ही बाटली काढून देत आला होता. पाण्यात थेंब टाकायचा, मीठ असलं तर पाणी पांढरं होतं. त्यानं तीन परीक्षानळ्या उभ्या केल्या. पहिलीत बोअरचं पाणी. थेंब पडला आणि दही लागल्यासारखं घट्ट पांढरं झालं. दुसरीत त्या दिवशी भट्टीतून उतरलेलं पाणी. थेंब पडला आणि विरला, काहीच झालं नाही. तिसरीत त्यानं इंदूबाईच्या कॅनमधलं पाणी घेतलं. गोडं.

थेंब पडला, आणि नळीत वरून खाली धूर उतरावा तसं पांढरं उतरत गेलं. त्यानं नळी हलवली. ताकाच्या निवळीसारखं पाणी झालं.

धर्मपालनं नळी धुतली आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच. तो स्टुलावर बसला. दोन वर्षं ही पोरगी कसाला लागली होती, आणि मिठाचा खडा आपण टाकत होतो. रोज नाही, अधूनमधून. रोज टाकला असता तरी तिला लवकर कळलं असतं.

सांगायचं ठरवूनच तो दुसऱ्या दिवशी आला. पण वर्षाली आली, "काका, जेवले का?" म्हणाली, आणि तो "हो" म्हणून काच धुवायला वळला. निवृत्तीला चार महिने होते. मनोज सरांनी एका बाबूला नुसतं रजिस्टर हरवलं म्हणून निलंबित करवलं होतं. पेन्शन अडकली तर इंदूबाईची औषधं कशातून? ही एक भीती. दुसरी भीती तो स्वतःशीही बोलत नव्हता. "काका करते, शंका घ्यायचं कामच नाही," असं म्हणणारी ती एकच पोरगी होती.

मग त्यानं मनात एक तोडगा काढला. झालं ते झालं, यापुढं थेंब मिसळायचा नाही. तो पहाटे निघून साडेसहाला प्रयोगशाळा उघडू लागला, म्हणजे लाइट जायच्या आधी भट्टीला चार तास मिळत. कॅन खुणेपर्यंत भरायचा, आणि सगळं पाणी भट्टीचं. पोरीचे आकडे आता सुधारतील. सुधारले की समिती मान्य करेल. कोणाला काही सांगायची गरजच पडणार नाही.

आकडे सुधारले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. रेघ रोज तशीच सुरेख वळू लागली, जणू कोणी साचा धरून काढावी. सतराव्या दिवशी वर्षालीनं कँटीनमधून गुलाबजाम आणले आणि एक धर्मपालच्या तोंडात कोंबला.

"लागले काका! सतरा दिवस एक रेघ हलली नाही!"

"चांगलं झालं बेटा," तो म्हणाला आणि फडकं घेऊन ओट्याकडे वळला.

दोन दिवसांनी मनोज सरांनी तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं. धर्मपाल बाहेर काचेचं सामान पुसत होता.

"दोन वर्षं आकडे नाचून राहिले," सर म्हणाले, "अन् समिती तोंडावर आली तर सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे? काय बदललं तू?"

"काहीच नाही सर."

"काहीच नाही बदललं, अन् सगळं बदललं?"

"मी खोटं नाही करून राहिली सर! तुम्ही समोर बसा, मी करून दाखवते!"

"मी समोर बसल्यावर होईल बी. पण मागच्या दोन वर्षांचं काय सांगशील? आजची रेघ खरी, तर तेव्हाची काहून मेली? कारण नाही सांगता आलं, तर समिती काय समजेल? का आधीचे चांगले आकडे तू निवडून घेतले, अन् आताचे तयार केले." त्यांचा आवाज खाली आला. "वर्षाली, मी तसं म्हणत नाही. पण कारणाशिवाय मी सही करणार नाही. समितीले तसंच लिहीन."

ती बाहेर आली. धर्मपालसमोरून गेली, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून भांडी पुसणाऱ्या फडक्यानं डोळे पुसत होती. ज्या फडक्याला ती कोणाला बोट लावू देत नसे, त्यानंच.

चोरून केलेल्या दुरुस्तीनं पोरीला चोर ठरवलं होतं. एवढं धर्मपालला कळलं. तरीही तो बोलला नाही. आज बोलू, उद्या बोलू, यात मे महिनाही सरला. समितीचा दिवस उद्यावर आला, आणि ती त्या दुपारीच अमरावतीला मावशीकडे निघून गेली.

घरी आल्यावर त्यानं ताटाला हात लावला नाही. इंदूबाईनं विचारलं, "काय झालं वो? तोंड काहून असं केलं?"

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माह्या वाट्याचं पानी तुमी तिथं ओतत व्हते?"

"रोज नाई वं. जेव्हा कमी पडे तेव्हा."

"मले वाटे, नळालेच आलं नसन." ती थांबली. "त्या दिवशी मी हापशीचं खारं पिऊन घेत व्हती. तुमच्यासाठी गोडं ठेवत व्हती. तुमी उन्हातून येत म्हून."

दोघांनीही एकमेकांपासून लपवून एकमेकांचं नुकसान केलं होतं, आणि दोघांनाही ते उपकार वाटत होते.

मग ती उठली आणि फळीवरून एक शाळेची वही घेऊन आली. डॉक्टरांनी तिला रोज किती गोडं पाणी आलं, किती प्याली, ते लिहायला लावलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं. तारखा सून टाकून द्यायची आणि लिटरामागं एक रेघ इंदूबाई ओढायची. दहा रेघा. दहा. आठ. दहा. नऊ. साडेआठ, म्हणजे शेवटची रेघ अर्धी. दोन वर्षांचा हिशोब होता.

"घेऊन जा," ती म्हणाली. "कोनत्या दिवशी ओतलं ते हिच्यात हाय. पोट्टीचं नुसकान नोको."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला ती इमारत सापडेपर्यंत साडेदहा वाजले. वर्षाली वरच्या मजल्यावर बाकावर बसली होती, इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून, मांडीवर लॅपटॉप. त्याला पाहून ती उभी राहिली.

"काका? तुमी इथं कसे? काकू बऱ्या आहे ना?"

त्यानं वही पुढं केली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सांगताना तो जमिनीवरच्या फरशीकडे पाहत होता. बाकावर बसून तिनं लॅपटॉप उघडला, वहीचं पान शेजारी धरलं आणि बोट फिरवू लागली. नऊ रेघांचा दिवस, मेलेली रेघ. आठ रेघा, मेलेली. दहा रेघा, चांगली. दहा, चांगली. साडेआठ, मेलेली. पानामागून पान. कुठंच चुकत नव्हतं. दोन वर्षं शोधलेलं कारण एका म्हातारीच्या वहीत उभ्या रेघांनी लिहिलेलं होतं.

शेवटच्या पानावर येऊन ती थांबली.

"एप्रिलपासून सगळ्या दहा आहेत," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तेव्हापासून तुमाले माहीत होतं."

धर्मपालनं मान हलवली.

"मी तुमाले गुलाबजाम खाऊ घातला, तेव्हा माहीत होतं. सर मले बोलले, तुमी बाहेर उभे होते, तेव्हा माहीत होतं."

"बेटा..."

"नका म्हणू." ती उठली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "चला आत. जे मले सांगतलं ते तिथं सांगा."

आत पाच जण होते. मनोज सर एका कडेला. मधल्या खुर्चीवर डॉ. नीलम खंडारे मॅडम, केस पांढरे, चष्मा नाकावर. धर्मपालनं सवयीनं जयभीम घातला. त्यांनीही घेतला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "तुम्हांला इथं यायला कोणी सांगितलं? या मुलीनं?"

"नाई जी. तिले तर आत्ता बाहेर समजलं."

"निवृत्ती कधी आहे?"

"दोन महिन्यांनी."

"मग हे सांगितल्यानं काय होऊ शकतं, ते कळतं ना तुम्हांला?"

"कळते जी."

मॅडमनी वही आणि लॅपटॉप दोन्ही आपल्याकडे ओढले. एकेक पान पडद्यावरच्या रेघांशी ताडून पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला. "पाणी कमी होतं तर कमी आहे म्हणायचं होतं. त्यात लाज कसली?"

धर्मपालनं तोंड उघडलं. विहीर, आई, लुगडं, सगळं ओठाशी आलं. पण ते त्या गार खोलीत सांगून पोरीचं एक तरी मोजमाप परत येणार होतं का? तो म्हणाला, "चुकलंच जी."

त्याला बाहेर पाठवलं. अर्ध्या तासानं वर्षाली बाहेर आली. समितीनं मान्य केलं होतं, की मुलीनं लबाडी केली नाही. तसं लेखी दिलं होतं, आणि मनोज सरांनी तिची माफीही मागितली होती. पण दोन वर्षांचे सगळे आकडे बाद. वाईट तर बादच, चांगलेही बाद, कारण कोणत्या कॅनमध्ये किती पडलं हे म्हातारीच्या रेघांवरून शपथेनं सांगता येत नाही, आणि त्या कॅनच्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यात काय राहिलं तेही सांगता येत नाही. नवीन माल, नवीन भांडी, पहिल्यापासून. सहा महिने दिले होते. पैसे नव्हते दिले.

"सहा महिन्यांत होते का बेटा?"

"दोन वर्षांचं?" एवढंच ती म्हणाली.

एसटीत ती त्याच्या शेजारीच बसली, कारण दुसरी जागा नव्हती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. बाहेर उन्हानं माळ करपला होता. मूर्तिजापूरला शेंगदाणेवाला चढला, धर्मपालनं दोन पुड्या घेतल्या आणि एक तिच्यापुढं धरली. तिनं घेतली, पर्समध्ये ठेवली, खाल्ली नाही. बोरगाव मागं पडल्यावर ती खिडकीतून बाहेर पाहतच बोलली.

"ओतलं त्याचा राग नाही मले. मी पण एकदाच तपासलं अन् सोडून दिलं. चूक माही बी आहे. पण तुमी सांगतलं असतं ना काका, मार्चातच, तर मी सरायले छातीवर हात ठेवून कारण सांगतलं असतं. दोन महिने माह्या हातात राहिले असते."

"भेव वाटलं बेटा."

"मले नाही वाटत होतं का?"



निलंबन झालं नाही. मनोज सरांनी एक मेमो दिला आणि त्याची बदली ग्रंथालयाच्या दारावर केली. "दोन महिने काढा तिथं आरामात," ते म्हणाले. वर्षाली तेव्हा सरांच्या टेबलाशीच उभी होती. धर्मपालनं तिच्याकडे पाहिलं. "राहू द्या सर, काका असू द्या," असं ती म्हणेल असं त्याला वाटलं. निदान म्हणेल म्हणून तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. ती नवीन भांड्यांची यादी करत होती. तिनं मान वर केली नाही.

पाण्याची भट्टी सरांनी बीएस्सीच्या पोरांसाठी ठेवली आणि वर्षालीच्या कामासाठी बंद केली. पाणी आता दोन गल्ल्या पलीकडच्या औषधनिर्माण कॉलेजातून, तपासणीच्या चिठ्ठीसह येऊ लागलं. ते आणायची ती स्वतः.

ग्रंथालयाच्या दाराशी एक लाकडी स्टूल होतं. तिथून समोरच्या इमारतीचा जिना दिसे. पोरं ओळखपत्र दाखवून आत जात, धर्मपाल मान हलवी. त्याला दुसरं काम नव्हतं. एका दुपारी रिक्षा थांबली आणि वर्षाली उतरली. तिनं वीस लिटरचा नवा कॅन दोन्ही हातांनी खाली घेतला, ओढणी कमरेला खोचली आणि जिन्याकडे निघाली. कॅन तिच्या गुडघ्याला आपटत होता.

धर्मपाल उठून चार पावलं गेला.

तिनं त्याला पाहिलं. रागानं नाही. तिनं फक्त हाताचा पंजा उंचावला, थांबा, असा, आणि मान हलवली. मग कॅन उचलून ती चढू लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिनं तो पायरीवर टेकवला, तळहात ड्रेसला पुसले, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं, दुसऱ्या हातात घेतला, आणि वर गेली.